मुलीच्या गाण्याच्या बाई फार कडक आहेत, क्लास बदलावा का?

मुलगी क्लासवरून रडत येते, बाई कधी "छान" म्हणत नाहीत, म्हणून क्लास सोडवावा का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी तुम्ही लिहिलंय, "अशा बाईंना मन नसतं का?" त्या एका वाक्यासाठी हे उत्तर.

माझी आई गिरगावात चाळीतल्या दोन खोल्यांत गाणं शिकवायची. षड्ज, म्हणजे सा, स्थिर झाल्याशिवाय बंदिशीला हात लावू द्यायची नाही, मग मुलगी कोणाची का असेना. ३ डिसेंबर १९७१ला पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं आणि मुंबईत ब्लॅकआउट लागला. खळ शिजवून आम्ही खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले. आजूबाजूच्या शिकवण्या बंद झाल्या. आईने मुलींच्या घरी निरोप धाडला, "पाठवायचं असेल तर पाठवा, परत आणून सोडायला मी येईन."

एका संध्याकाळी क्लास चालू असताना भोंगा झाला. दिवा मालवला. एक मुलगी हुंदके द्यायला लागली, तिचा थोरला भाऊ नौदलात होता. आईने तिला जवळ घेतलं नाही. अंधारातच तानपुऱ्याचे मणी चाचपून जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, सुरात मिळवली आणि म्हणाली, "सा हलतोय तुझा. परत लाव." पुन्हा. पुन्हा. श्वास धरल्याशिवाय सा लागत नाही, आणि श्वास धरला की हुंदका येत नाही. दुसरा भोंगा होईपर्यंत सगळ्या पोरी नुसता सा लावत बसल्या होत्या. मग जिन्यांच्या कठड्याला धरून आई एकेकीला घरी पोचवून आली.

९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ आपली युद्धनौका आयएनएस खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्या मुलीच्या भावाची नुकतीच बदली झालेली, तो कुठल्या जहाजावर आहे हे घरात कोणालाच धड ठाऊक नव्हतं. आई रोज त्यांच्याकडे जायची. धीराचं एक वाक्य नाही, तास घ्यायचा आणि उठायचं. भाऊ सुखरूप असल्याचं पत्र पुष्कळ उशिरा आलं.

आमची आत्या मात्र पुढे प्रत्येक लग्नाकार्यात सांगायची, "पोरी भेदरलेल्या आणि हिचा रियाज चालू! बाई आहे की दगड?" आत्या, त्या दिवसांत बाबा गोदीत रात्रपाळीला होते. आणि १४ एप्रिल १९४४ला गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, शेकडो माणसं गेली, तेव्हा आई तिथून जवळच राहायची. शाळकरी पोर होती. भोंगा झाला की तिच्या पोटात काय होत असेल ते तिने आम्हाला कळू दिलं नाही, पोरींना तर नाहीच. दगडाला हे जमत नाही.

तर, कौतुक करत नाहीत एवढ्यासाठी क्लास बदलू नका. हल्ली चार महिन्यांत स्टेजवर उभं करणारे क्लास गल्लोगल्ली आहेत, तिथे कौतुक भरपूर मिळेल आणि गळा कच्चा राहील.

हात उगारत असतील, रूपावरून, जातीवरून, घरावरून बोलत असतील तर मात्र आजच काढा, ती शिस्त नव्हे. आणि तुमच्या बाई कशा आहेत ते मला इथून कसं कळणार? एकदा तासभर तिथे बसून ऐका. मुलगी घरी आल्यावर आपणहून तोच पलटा, म्हणजे क्लासात घोटलेली सुरांची ओळ, घोळवते का, तेही बघा. घोळवत असेल तर निदान परीक्षेपर्यंत थांबा.