डे मॉइनला येण्यापूर्वी

अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डे मॉइन शहरातली नोकरी स्वीकारावी का, असे आपण विचारलेत, म्हणून बारा वर्षांच्या वास्तव्यातून सांगतो. 2020 च्या जनगणनेनुसार शहराची वस्ती सुमारे 2 लाख 14 हजार आहे. येथे विमा कंपन्यांमुळे कार्यालयीन कामे पुष्कळ आहेत आणि घरभाडे शिकागोच्या मानाने बरेच कमी पडते. कार्यालय घरापासून वीस मिनिटांवर असल्याने माझी संध्याकाळ मुलांच्या वाट्याला येते, आणि माझ्या लेखी हाच सर्वांत मोठा लाभ आहे.

हिवाळ्याची तयारी मात्र मनापासून करावी. जानेवारीत पारा कधी कधी उणे 20 अंश सेल्सियसपर्यंत उतरतो, सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना हातमोज्यांतही बोटे बधिर होतात, आणि तरीही गाडीवाचून चालत नाही. म्हणून पहिल्या पगारातून जाड कोट व बूट येथेच घ्यावेत, कारण पुण्याहून आणलेला स्वेटर पुरत नाही. मध्यवर्ती भागातील इमारती जोडणाऱ्या बंदिस्त स्कायवॉकमुळे दुपारच्या जेवणाला तरी थंडीत बाहेर पडावे लागत नाही.

भारतात जाताना विमान बदलावेच लागते. मराठी कुटुंबे मोजकीच आहेत. पहिल्याच महिन्यात आयोवातल्याच मॅड्रिड गावच्या हिंदू मंदिरात जाऊन ओळखी करून घ्याव्यात.