हात थरथरत नाही, मग पार्किन्सन्स कसा?

प्रश्न : काकू, माझे सासरे ६७ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. उजवा खांदा धरलाय म्हणून वर्षभर शेक, मालिश, व्यायाम सगळं करून झालं. आता त्यांचं अक्षर बारीक होत चाललंय, चालताना उजवा हात हलत नाही, सदऱ्याची बटणं लावायला पंधरा मिनिटं लागतात. आवाजही बारीक झालाय. सासूबाई म्हणतात, घुम्यासारखे बसून राहतात, नातवंडांशीही हसत नाहीत, मुद्दाम करतात. शेजारी म्हणतात, पार्किन्सन्स असेल. पण त्यांचा हात तर अजिबात थरथरत नाही. – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, अक्षराचं वाचलं आणि मी पत्र खाली ठेवलं. आमच्याकडेही हे असंच सुरू झालं होतं. आमचे हे बँकेत कॅशियर. सही जुळत नाही म्हणून लोकांचे चेक परत करण्यात जन्म गेला, आणि निवृत्तीनंतर एकदा त्यांचाच चेक सही जुळत नाही म्हणून परत आला. जुना फॉर्म आणि तो चेक मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. नव्या सहीतलं पहिलं अक्षर नेहमीसारखं, आणि आडनावापर्यंत पोचेस्तोवर अक्षरं मुंगीएवढी. आम्ही काय केलं, तर चष्मा बदलला! पुढचं दीड वर्ष असंच गेलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. १३ वर्षं या आजाराबरोबर संसार केलेली बाई आहे.

हात न थरथरताही पार्किन्सन्स असू शकतो. मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि हालचाल मंदावते. हा मंदपणा मुख्य. त्याच्या जोडीला कुणाला कंप असतो, कुणाला नुसताच ताठरपणा. सुरुवात बहुधा एकाच बाजूने होते, आणि धरलेला खांदा हीसुद्धा कधी कधी पहिली खूण असते. सासऱ्यांच्या आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. फोडणीतल्या हिंगाचा वास येतो का? बद्धकोष्ठ आहे का? आणि सासूबाईंना विचारा, झोपेत ओरडतात का, लाथा झाडतात का? आमच्याकडे दूध करपून घरभर वास सुटायचा आणि हे शेजारच्या खोलीत शांत पेपर वाचत असायचे. पुढे कळलं, ही लक्षणं कंपाच्या कितीतरी वर्षं आधीही दिसू शकतात.

आता हाडांच्या डॉक्टरांऐवजी न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे जा. हा आजार मुख्यतः बघून, तपासून ओळखायचा. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी त्याचं वर्णन लिहिलं ते सहा जणांवरून, आणि त्यातले काही तर त्यांना रस्त्यात दिसलेले. आजही डॉक्टर आधी चालायला लावतात, चिमूट उघडझाप करायला सांगतात. एमआरआय सांगतात तो बहुतेक वेळा दुसरं काही नाही ना हे पाहायला. तो नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. जाताना सासऱ्यांची जुनी पत्रं किंवा शाळेची एखादी वही घेऊन जा, आणि घरात सहज चालतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ. दवाखान्यात माणूस नेटाने नीट चालतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्याही दाखवा. उलटीवरच्या आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांनीही हुबेहूब अशी लक्षणं येतात.

आता सासूबाईंचं. हे त्यांना वाचून दाखवाल का? आमच्या नातीच्या बारशाच्या फोटोत सगळे हसताहेत आणि हे मख्ख. मी रात्री फाडफाड बोलले. बराच वेळ गेला, मग हे हळू आवाजात म्हणाले, "अगं, मी हसत होतो." त्या रात्री मला झोप लागली नाही. चेहऱ्याचे स्नायूच ताठरतात, आत आनंद असला तरी वर उमटत नाही. तेव्हापासून मी चेहरा वाचणं सोडलं आणि विचारायला लागले, आवडलं का? विचारल्यावर थांबायचं. उत्तर येतं, उशिरा येतं. आणि हो, या आजारात खरोखरचं नैराश्यही येतं, त्यावर उपचार आहेत, तेही डॉक्टरांना सांगा.

बटणं त्यांची त्यांना लावू द्या. बाहेर जायचं असेल तर अर्धा तास आधी तयारीला बसवा. पुढे कधी उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले, तर हात धरून ओढू नका, तोल जातो. आम्ही दारापाशी फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल उचललं जायचं. नाहीतर मी ठेक्यात "ज्ञानोबा-तुकाराम" म्हणत टाळी द्यायची, आणि दुसऱ्या-तिसऱ्या टाळीला हे निघायचे. व्यायाम मात्र आजपासूनच, रोज. आवाजासाठी पेपर मोठ्याने वाचायला लावा, शिक्षकच आहेत ते! पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. अशी माणसं आणि त्यांच्या घरचे एकत्र आले की निम्मी भीती जाते.

प्रश्न : वडिलांची पार्किन्सन्सची सकाळची गोळी छान लागू पडते, दुपारची पडतच नाही. कुणी खाजकुइलीचं चूर्ण सुचवलंय. द्यावं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : दुपारची गोळी जेवणाबरोबर देता का? लेव्होडोपा (या गोळीतलं मुख्य औषध) आणि डाळ-उसळ-दूध-अंड्यातली प्रथिनं आतड्यातून एकाच वाटेने आत जातात, गर्दीत गोळी मागे पडते. डॉक्टरांना विचारून ती जेवणाआधी अर्धा ते एक तास द्या. लोहाची गोळीही तिच्याबरोबर नको. प्रथिनं बंद मात्र करू नका, वजन उतरतं. खाजकुइलीत मुळातच लेव्होडोपा असतो, म्हणून तर ती आयुर्वेदात कंपवातावर देतात. पण गोळी चालू असताना वरून चूर्ण दिलंत, तर एकूण किती पोटात गेलं याचा हिशेब कुणालाच लागणार नाही. आणि चूर्णाच्या भरवशावर गोळी एकदम बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं. एका वहीत आठवडाभर लिहा: गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, पाय कधी मोकळे झाले, कधी जड. पुढच्या वेळी डॉक्टरांच्या टेबलावर आधी ती वही ठेवा.