पहाटेच्या थंडीत बासरी का उतरते?

तुमचा प्रश्न असा: नाशिकला पंचवटीतल्या घरी पेटीशी (हार्मोनियमशी) चोख जुळणारी बासरी जानेवारीत पहाटे नदीच्या घाटावरच्या भजनात उतरलेली, म्हणजे सुराने खाली लागते. बांबू आकसला असेल, तर भोकं घासून मोठी करून घ्यावीत का?

आधी उत्तर देतो, कारण मागाहून. कानस बाजूला ठेवा, भोकांना हात लावू नका. हा उद्योग मी करून बसलोय. एका डिसेंबरात भल्या सकाळी बासरी उतरलेली वाटली म्हणून पॉलिश पेपर घेऊन सगळी भोकं थोडी थोडी वाढवली. सूर जमला, मी खूश. एप्रिलमध्ये तीच बासरी पेटीच्या सुराच्या वर जाऊन बसली. भोक मोठं करता येतं, लहान करणं फार अवघड. मेण लावून बघितलं, शेवटी ती बासरी भाच्याला खेळायला दिली.

आता बांबूचं. तो आकसला असं धरून चाला. मग नळी आखूड झाली, आणि आखूड नळीचा सूर चढतो. तुमचा तर उतरलाय! म्हणजे दोषी कुणीतरी दुसरंच आहे. तो आहे नळीतली हवा.

बासरीत वाजते ती हवा. बांबू फक्त तिला कोंडून धरतो. तोंडाच्या भोकापासून पहिल्या उघड्या भोकापर्यंत हवेचा जो स्तंभ असतो, त्यात ढोबळमानाने अर्धी लाट मावते. म्हणजे लाटेची लांबी बोटांनी ठरते, थंडी-उन्हाने नाही. वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी, हे शाळेतलं सूत्र इथे लावा. लांबी पक्की असताना वेग घटला, तर वारंवारतेला घटण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि थंडीत वेग घटतोच. शून्य अंशाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 331 मीटर, पुढे दर अंशाला साधारण 0.6 मीटरने वाढतो. 10 अंशांना 337, 30 अंशांना 349. फरक साडेतीन टक्क्यांचा. एका स्वरापासून लगतच्या स्वरापर्यंत, म्हणजे पेटीच्या एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत, जेमतेम सहा टक्के असतात. म्हणजे अर्ध्या पट्टीहून जास्त घसरण! प्रत्यक्षात इतकी होत नाही, कारण तुमची फुंक गरम असते आणि पाच-दहा मिनिटांत नळी आतून तापते. म्हणूनच पहिल्या अभंगाला रडणारी बासरी तिसऱ्या अभंगाला जागेवर येते. तोंडापासून लांबचा भाग मात्र गारच राहतो, त्यामुळे खालचे स्वर जास्त वेळ त्रास देतात.

याच प्रश्नावर एकांनी लिहिलंय की नाशिक उंचावर, हवा विरळ, म्हणून असं होतं. तसं नाही. उंचीवर दाब कमी होतो तशी घनताही त्याच प्रमाणात कमी होते, दोन्हींचा हिशेब फिटतो आणि वेग तापमानावरच अडून राहतो. नाहीतर मुंबईत विकत घेतलेली बासरी कसारा घाट चढताच बेसूर झाली असती.

पेटी का हलत नाही? तिच्यात स्वर ठरतो आतल्या पितळी जिभेच्या (रीडच्या) लांबी-जाडीवर. हवा तिला फक्त हलवते, त्यामुळे थंडीचा परिणाम कानाला कळण्याइतका होत नाही. तंबोऱ्याची गंमत उलटी: धातूची तार थंडीने आकसते, ताण वाढतो, सूर चढतो. एकाच गारठ्यात बासरी खाली आणि तार वर! तबल्याला तापमानापेक्षा ओल बाधते; घाटावर दव असेल तर कातड्याचं पान सैल पडतं, ऊन आलं की चढतं.

खात्री करायची असेल तर फोनवर तंबोरा लावा, तो थंडीने बदलत नाही. पांढरी एकचा (पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा) षड्ज, म्हणजे सा, 262 हर्ट्झच्या आसपास. बासरी 260 वर असेल तर दोन्ही स्वर मिळून सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतील. पुस्तकात त्यांना विस्पंद म्हणतात. फुंकत राहा, हेलकावे मंदावत जाऊन थांबतील. हे एकदा कानाने अनुभवलं की मग कुणाचं पटवून घ्यायची गरज उरत नाही.

घाटावर जाताना बासरी शालीत, अंगाशी ठेवा. सुरुवातीआधी सगळी भोकं बंद करून आवाज न काढता दोन-तीन मिनिटं गरम श्वास सोडा. तरी किंचित उतरलेली राहिली तर बासरी बाहेरच्या बाजूला जरा फिरवा, ओठ भोकावरून सरकतो आणि सूर चढतो. शेकोटीवर किंवा हीटरपुढे मात्र धरू नका, आपल्याकडच्या कोरड्या थंडीत बांबू तडकायला तेवढं पुरतं. बांधाचा दोरा सैल झाला असेल तर आताच घट्ट करून घ्या.

आणि तबलजींना म्हणावं, हातोडी घाटावर पोचल्यावरच काढा. घरून लावून आणलेला तबला तिथे पुन्हा लावावाच लागतो.