मात्रा मोज, मेंबर नंतर

प्रिय बाळा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडचे सगळे अल्बम पहिल्यापासून ओळीने ऐकायचे ठरवून तू चक्क तक्ता केलायस, हे वाचून आधी हसू आलं, मग जरा काळजी वाटली. तो तक्ता बाजूला ठेव. १९६८ च्या ‘धिस वॉज’पासून २०२५ च्या ‘क्युरियस रुमिनंट’पर्यंत वीसहून जास्त अल्बम आहेत आणि ओळीने उरकायला हा काही सेमिस्टरचा पोर्शन नव्हे. तसं ऐकलंस तर माहिती जमेल, कान तयार होणार नाही.

त्यापेक्षा एकच गाणं घे. ‘लिव्हिंग इन द पास्ट’, १९६९. तू बासरीच्या क्लासला झपताल हातावर धरलेला आहेस, त्यामुळे पाचाची चाल तुला परकी नाही. हे गाणं पाच मात्रांत आहे. पहिल्यांदा ऐकताना शब्दांकडे लक्ष देऊ नकोस, नुसती बेसची ओळ पकड आणि मांडीवर मोजत राहा. दोनदा चुकशील. तिसऱ्यांदा हात आपोआप पडायला लागेल आणि मग वरून येणारी बासरी किती मोकळी फिरते ते कळेल. गंमत म्हणजे हे गाणं ब्रिटनच्या चार्टवर तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. पाच मात्रा आहेत म्हणून तिथल्या कुणा श्रोत्याने रेडिओ बंद केला नाही.

ते अंगात भिनलं की त्याच वर्षीच्या ‘स्टँड अप’मधलं ‘बूरे’ ऐक. मूळ रचना जर्मन संगीतकार बाखची, ल्यूट या तंतुवाद्यासाठी लिहिलेल्या ई मायनर स्वीटमधली (स्वीट म्हणजे नाचाच्या तुकड्यांची माळ). टलने तिला जॅझचा झोका दिला. आधी चाल सरळ येते, मग टलचा गायक आणि बासरीवाला इयन अँडरसन बासरीत फुंकरीबरोबर घशातून आवाज सोडायला लागतो, आणि मध्येच सगळे बाजूला होऊन ग्लेन कॉर्निकचा बेस एकटा बोलतो. तो तुकडा हेडफोनवर ऐक, मोबाइलच्या स्पीकरवर बेस मरतो.

तू विचारलंस, अँडरसनची बासरी ‘शुद्ध’ आहे का. नाही, अजिबात नाही. तो गिटार वाजवायचा. एरिक क्लॅप्टनच्या जवळपासही आपण पोचणार नाही हे उमगल्यावर १९६७ मध्ये त्याने आपली फेंडर स्ट्रॅटोकास्टर देऊन एक बासरी आणि मायक्रोफोन घेतला आणि स्वतःच्या स्वतः शिकला. गात गात फुंकण्याची ढब रोलंड कर्क या अमेरिकन जॅझवाल्याकडून उचलली. पहिल्या अल्बममध्ये कर्कचंच ‘सेरेनेड टू अ कुकू’ आहे, म्हणजे उसनवारी उघड मान्य होती. पुढे नव्वदच्या दशकात त्याची मुलगी शाळेत बासरी शिकायला लागली, तेव्हा कळलं की बाबांची बोटंच चुकीची पडतात. एव्हाना कोट्यवधी रेकॉर्डी विकून झाल्या होत्या. तरी त्याने बसून बोटं नव्याने शिकून घेतली. तुझ्या गुरुजींना हे सांगू नकोस, ते म्हणतील ‘बघा’. पण ‘अ‍ॅक्वालंग’ या अल्बममधल्या ‘माय गॉड’ गाण्याच्या मधली बासरी ऐक. चुकीच्या बोटांनी वाजवलेली आहे आणि त्यातला एक स्वरही मला बदलावासा वाटत नाही.

आता ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’. एवढ्यात हात लावू नकोस, महिनाभर थांब. १९७२ चा अल्बम, गाणं एकच, जवळपास ४४ मिनिटांचं. आमच्या वेळी एलपी परवडायची नाही, दुकानदार कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, त्यामुळे अख्खं गाणं एका बाजूवर जेमतेम मावायचं, मध्ये रेकॉर्ड उलटली तिथे तेवढी सुईची खरखर. पुढे-मागे करायचं तर टेप गुंतायची भीती, म्हणून आपसूक सलग ऐकलं जायचं. तुला ती सक्ती नाही, म्हणून स्वतःवर लादून घे. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. सुरुवातीची ती गिटारची छोटीशी चाल नीट कानात साठव, पुढे ती कुठे कुठे वेष बदलून येते ते शोधायचं आहे.

आणि हसायला विसरू नकोस. ‘अ‍ॅक्वालंग’ला समीक्षक कॉन्सेप्ट अल्बम, म्हणजे सगळी गाणी एकाच कल्पनेत गुंफलेला अल्बम, म्हणायला लागले, अँडरसन नाही नाही म्हणत राहिला आणि शेवटी वैतागून म्हणाला, हवाय ना कॉन्सेप्ट, घ्या मग. त्यातून हा ‘ब्रिक’ आला. त्याचं कव्हर म्हणून बारा पानांचं गावठी वर्तमानपत्र छापलं. त्यात बातमी अशी की आठ वर्षांच्या जेराल्ड बॉस्टॉकला मिळालेलं कवितेचं बक्षीस आक्षेपार्ह मजकुरामुळे काढून घेतलं, आणि अल्बमचे शब्द म्हणे त्याच पोराची कविता. जेराल्ड कधी नव्हताच. प्रोग, म्हणजे असलं लांबलचक, गुंतागुंतीचं प्रोग्रेसिव्ह रॉक, ऐकणाऱ्यांना फार गंभीर व्हायची खोड असते. टलच्या बाबतीत गंभीर झालात की फसलात.

पुढच्याच वर्षीचा ‘अ पॅशन प्ले’ मला आवडत नाही. मधली ती सशाच्या हरवलेल्या चष्म्याची गोष्ट तर नाहीच नाही. १९८४ चा ‘अंडर रॅप्स’ ड्रम मशीनने खाल्लाय. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण तुझ्या मेसेजमध्ये प्रत्येक अल्बमपुढे ‘मास्टरपीस’ होतं. सवाईला रात्र जागवणारी जुनी मंडळी बघ, आवडत्या बुवांबद्दलही ‘आज आवाज लागला नाही’ असं सरळ म्हणतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या रांगेत सतरंजीवर असतात. तसं म्हणता यायला हवं. मला पटवायला म्हणून नाही, तुला स्वतःला खरोखर काय आवडतं ते त्याशिवाय कळणार नाही म्हणून. कदाचित पॅशन प्ले तुला आवडेलही. मग का आवडला ते मला सुनव.

ते मित्राशी झालेलं भांडण मात्र सोडून दे. गिटारवाला मार्टिन बार नाही म्हणजे टल नाही, हे त्याचं म्हणणं मला कळतं. बार १९६८ च्या अखेरीस आला आणि चाळीसहून जास्त वर्षं राहिला. ‘अ‍ॅक्वालंग’च्या पहिल्या सहा स्वरांचा तो घाव त्याच्या गिटारचाच आहे. पण या बँडमध्ये माणसं येत-जात राहिली, बारसुद्धा आधीच्या गिटारवाल्या मिक एब्रहम्सच्या जागेवर आला होता. हा काही वारसाहक्काचा दावा नाही, की सातबाऱ्यावर कुणाचं नाव ते बघत बसावं. आज बार आपला बँड घेऊन तीच गाणी वाजवतो, अँडरसन टल या नावाने वाजवतो. दोन्ही ऐक. तुझ्या मित्राला म्हणावं, आधी ‘लिव्हिंग इन द पास्ट’वर टाळी धरून दाखव.

राहिला टलच्या कॉन्सर्टच्या तिकिटाचा प्रश्न. तू आहेस त्या जर्मनीत टलला पहिल्यापासून मोठा श्रोतावर्ग आहे, तिथे ते वरचेवर वाजवतात, त्यामुळे संधी येईलच. जा. पण १९७७ च्या ‘साँग्स फ्रॉम द वूड’चा गळा ऐकायला जाऊ नकोस. त्या ‘अंडर रॅप्स’च्याच दौऱ्यात अँडरसनचा आवाज बसला आणि पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. शिवाय आता त्याला फुप्फुसाचा जुनाट आजार आहे, हे त्याने २०२० मध्ये स्वतःच सांगितलं. वरच्या पट्टीत ओढाताण ऐकू येईल, वाईट वाटेल. बासरी मात्र अजून टवटवीत आहे. एका पायावर उभं राहून बासरी वाजवायची त्याची जुनी ढब आहे, तसा उभा राहिलाच, तर माझ्या वतीने एक शिट्टी मार. तिकीट पार्टटाइमच्या पैशातून काढ, आईला मागू नकोस, आणि महागातलं पुढचं काढू नकोस. बाल्कनीत आवाज जास्त चांगला मिसळतो.

एलपी जमवायला आत्ताच लागू नकोस. भाड्याच्या खोल्या बदलताना त्या उचलायला किती जड जातात ते तुला माहीत नाही. फार वाटलं तर ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ची वर्तमानपत्रवाली जुनी प्रत तिकडच्या एखाद्या फ्ली मार्केटमध्ये बघ. पानं सगळी आहेत ना ते आधी मोज, बहुतेक वेळा आतली गहाळ असतात. सगळी असली आणि भाव बरा असला तर दोन घे. एक माझी.

थंडीचे कपडे नीट घाल.

तुझा,
काका

ता. क. टलचा ‘हेवी हॉर्सेस’ हा अल्बम या सगळ्यात राहूनच गेला. तो पाऊस पडत असताना ऐक, बाकी काही सांगत नाही.