अमेरिकेत सहावीतल्या मुलीला स्पॅनिशच्या टेस्टमध्ये ९५, तरी ग्रेड खाली का?

आधी ऑनलाइन ग्रेडबुकमध्ये ‘मिसिंग’ दिसतंय का बघा. बऱ्याच शाळांत जमा न केलेल्या (‘मिसिंग’) गृहपाठाला शून्य धरतात. ९५, ९५ आणि ० ची सरासरी ६३ च येते! शिवाय वर्गात बोलण्याचे गुण अनेक ठिकाणी वेगळे असतात. वर्षाच्या सुरुवातीला सही करून दिलेल्या सिलॅबसमध्ये (विषयाची माहिती आणि नियमांचा कागद) ही विभागणी बहुधा असते.

आणखी एक, अक्षरांवरच्या खुणा. ‘पापा’तल्या (papa) शेवटच्या ‘a’वर तिरकी रेघ असली तर बाबा, नसली तर बटाटा. माझ्या मुलाचे याच रेघेपायी गुण जायचे, आणि ते योग्यच होतं. घरी रोज पाच मिनिटं मोठ्याने वाचून घ्या. आपल्याला स्पॅनिश येत नसलं तरी ऐकायला बसा, पोरं खुलतात.