ती दिंडीत नाव घालायला आली तर

लेका, दिंडीचा कारभार यंदा पहिल्यांदाच तुझ्याकडं आलाय, म्हणून सांगतो. पोरगा म्हणून वाढलेली ती आता साडी नेसून डोक्यावर तुळस घ्यायची म्हणते ना? नाव लिहून घे. ती सांगेल तेच लिही. सुप्रीम कोर्टानं २०१४ सालीच अशा माणसांना आपलं लिंग आपण ठरवायचा हक्क मान्य केलाय.

देवानं दिला तसाच देह ठेवावा, असं मला वाटतं. उगं खोटं कशाला बोलू. पण तिनं विचारलं तरच, एकदा, एकांतात सांगावं. कीर्तनात तर हा विषय नकोच. पैठणच्या नाथमहाराजांनी श्राद्धाचं जेवण आधी कुणाला वाढलं, हे रंगवून सांगायचं अन् आपल्याच पंगतीतून एखादीला उठवायचं, हे कसं जमावं?

खरी अडचण मुक्कामाला येते. पहाटे टँकरवर झुंबड असते, तेव्हा चादरींचा आडोसा करून दे. झोपायचं कुठं ते तिलाच विचार, अन् राहुटीतल्या वडीलधाऱ्या बायकांशी आधी बोलून घे. टवाळी करणारा एखादा निघतोच, बहुतेक टाळकऱ्यांतलाच. त्याला तिथल्या तिथं गप्प कर. हाक काय मारावी कळेना तर माऊली म्हण, आपण सगळ्यांनाच म्हणतो. सगळे एकमेकांच्या पाया पडतात तेव्हा तू तिला टाळून पुढं गेलास, तर अख्खी दिंडी तेच शिकेल.

तिच्या बापाचा फोन येईल, चिडलेला असेल. भांडू नकोस, ऐकून घे. तोही माळकरीच आहे.