गाडीत ऐकलेले आकडे

प्रश्न: मी ठाण्याहून नेरूळला ट्रान्स-हार्बरने जाते. गाडीत पैशांवरची ऑडिओबुकं ऐकते. ऐकताना सगळं पटतं, पण आकडे उतरेपर्यंत विसरते. शिवाय त्यात सारखं ‘फोर-ओ-वन-के’ येतं. ते आपल्याकडे कुठे उघडायचं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, कुठेच नाही! ते अमेरिकेतल्या नोकरदारांचं निवृत्ती खातं. त्याचा इथला चुलतभाऊ म्हणजे पीएफ. पगाराची स्लिप काढा, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के कापलेले दिसतील.

आकड्यांचं म्हणाल, तर गर्दीत उभ्याने चक्रवाढ व्याज कुणाच्या डोक्यात राहतं? मी सवयींबद्दलची प्रकरणं ऐकते, हिशेबाची मात्र छापील वाचते, हातात पेन्सिल घेऊन. एक तोंडी हिशेब तेवढा गाडीतही जमतो: ७२ ला व्याजदराने भागा. ८ टक्क्यांनी साधारण ९ वर्षांत रक्कम दुप्पट.

आता परदेशी पुस्तकात न सापडणारी गोष्ट. पीपीएफमध्ये, म्हणजे बँकेत किंवा पोस्टात स्वतः उघडायच्या सरकारी दीर्घ मुदतीच्या बचत खात्यात, पैसे ५ तारखेपर्यंत भरा. त्या महिन्याचं व्याज ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळतं. पगार ७ ला होतो? मग मार्च सोडून (तेव्हा आर्थिक वर्ष संपतं) इतर वेळी घाई नको, पुढच्या १ तारखेला भरलेत तरी व्याज तेवढंच.